ग्लॅडस्टनची हातगाडी

मोठ्या माणसांच्या चरित्रांत माझे मन भलत्याच ठिकाणी अडते. विल्यम ग्लॅडस्टन (१८०९–१८९८) चारदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी १८८६ आणि १८९३ साली झगडला नि दोन्हीदा हरला. मला मात्र तो दिसतो हातगाडी ढकलताना!

वेल्समधल्या हॉर्डनची जहागीर त्याच्या बायकोच्या माहेरची. तिथे कुऱ्हाड घेऊन झाडे पाडणे हा त्याचा छंद. १८६८ साली पंतप्रधानपदाची वर्दी आली, तीही झाड तोडताना. जमीनदाराने आपले झाड तोडावे, यात नवल कसले? नवल पुढेच आहे. ऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्याने आपली सुमारे ३२,००० पुस्तके गावातल्या पत्र्याच्या इमारतीत नेली. पुष्कळशी एकचाकी गाडीत घालून, स्वतः ढकलीत. वाचकांवाचून पडलेली पुस्तके आणि पुस्तकांवाचून अडलेले वाचक यांची गाठ पडावी, एवढाच हेतू.

त्याच्या बापाची दौलत गुलामांच्या मळ्यांवर पिकलेली. १८३३ साली पार्लमेंटात मुलाने त्या मळ्यांची तरफदारीही केली. हे काही गाडीत घालून लोटून देता येत नाही.

पण मी पडलो मास्तर. जमीन दान देणारा एखादा भेटतो, पुस्तक देणारा भेटत नाही, हे मी जाणतो. पुस्तकाच्या समासात आपण काहीबाही लिहिलेले असते. ते देणे म्हणजे आपले मन चारचौघांत उघडे टाकणे. ग्लॅडस्टनची पुस्तके त्याच्या टिपांसकट गेली. आजही परगावचे वाचक हॉर्डनला मुक्काम करून ती वाचतात. जहागीर वारसांकडे गेली. पुस्तके मात्र ज्याला वाचायची, त्याची झाली.