मिरचीचा रंग

मराठी शिकवणाऱ्या माणसाची सरड्याशी ओळख बहुधा वाक्प्रचारांपुरतीच असते. ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ म्हटले, की शेवटच्या बाकावरचा मुलगाही एखाद्या पुढाऱ्याला धरून वाक्यात उपयोग करून दाखवतो, आणि आपण हसून त्याला पूर्ण गुण देतो. मीही वर्षानुवर्षे देत आले. २०१९ च्या उन्हाळी सुटीत थोरल्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेले, तेव्हा तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने हा प्राणी पहिल्यांदा जवळून दाखवला.

तो शॅमेलिऑन होता. खरे तर होती. मूळची येमेनकडची जात. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा आणि दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे. हिरवीगार, म्हणून नाव मिरची. (आपल्याकडेही शॅमेलिऑन आढळतो, काही भागांत त्याला घोयरा म्हणतात. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला घरात ठेवता येत नाही. हे किती योग्य आहे, ते मला लवकरच कळणार होते.)

भाचा पंधरा दिवसांच्या शिबिराला निघाला आणि मिरची माझ्या स्वाधीन झाली. फ्रिजवर त्याने सूचनांचा कागद लावला होता. पानांवर पाणी फवारायचे, कारण ती वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावून मगच द्यायचे आणि उरलेले रात्री पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. शेवटची ओळ अशी : दिवसा डोळे मिटलेले दिसले तर लगेच फोन कर.

चौथ्या दिवशी मिरची फांदीवरून खाली उतरली आणि कुंडीतली माती उकरू लागली. अंगावर गडद, जवळजवळ काळा हिरवा रंग आणि त्यावर पिवळे-निळे ठिपके. मी ताईला हाक मारून म्हटले, “बघ, पैठणी नेसलीय!” दुसऱ्या दिवशी तिने खाल्ले नाही. सहाव्या दिवशी भर दुपारी ती डोळे मिटून बसलेली दिसली, तेव्हा वामकुक्षी चालली असेल असे समजून मी ताईबरोबर बाजारात गेले. कागदावरची ओळ मी वाचलेली होती. अर्थही कळला होता. संध्याकाळी परतलो तर डोळे खोल गेलेले, आणि फांदीवरची पकड इतकी सैल, की एक पाय नुसता लोंबत होता.

ताई म्हणाली, “त्याला कळवू नकोस. तिथे बसून तो काय करणार? नुसता रडेल.” मला ते पटले, किंवा पटावे असे वाटले, कारण त्यात माझीही सुटका होती. अखेर डॉक्टरांच्या दवाखान्यातून मी शिबिराच्या कार्यालयात फोन लावला. भाचा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “मावशी, रंग कधीपासून काळपट झाला?” उत्तर मला नेमके ठाऊक होते.

क्ष-किरण चित्रात मिरचीचे पोट अंड्यांनी गच्च भरलेले दिसले. नर नसला तरी या माद्या कोंबडीसारखी अंडी धरतात. ती घालायला खोल, ओलसर माती लागते. कुंडीतली माती वीतभरही नव्हती. शिवाय अंडी बाहेर ढकलायला स्नायूंना कॅल्शियम लागते आणि तेच अंगात कमी पडले होते. पूड तर रोज लावत होतो! त्यावर डॉक्टरांनी विचारले, पिंजऱ्यावरचा दिवा किती जुना आहे? दिवा लख्ख जळत होता. पण त्यातले अतिनील किरण काही महिन्यांत क्षीण होतात आणि आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. त्या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. “अगं, पण मी रोज तिला खिडकीच्या उन्हात ठेवत होते,” ताई कासावीस होऊन म्हणाली. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते.

रानात आजारी दिसणे म्हणजे कोणाचे तरी भक्ष्य होणे. म्हणून हे प्राणी दुखणे अंगावर काढतात, जमेल तोवर फांदी सोडत नाहीत. रंग मात्र त्यांना फारसा लपवता येत नाही. ऊन, भीती, अंडी, सगळे कातडीवर उमटते. मिरची तीन दिवस सांगत होती, आणि मला पैठणी सुचत होती.

दोन दिवस सलाइन आणि कॅल्शियम दिल्यावर काही अंडी इंजेक्शनने पडली. उरलेल्यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागली. एका सरड्यासाठी एवढा खर्च? ताईने हे विचारले नाही, पण भावजींच्या चेहऱ्यावर ते होते. मी बिलाचा आकडा मनात रुपयांत करून पाहिला आणि गप्प राहिले.

भाचा परतला तेव्हा मिरची फांदीवर होती. बारीक झालेली, फिकट हिरवी. पुढचा एक पाय किंचित वाकला होता. तो तसाच राहणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. भाच्याने कागदाविषयी अवाक्षर काढले नाही. त्याने नवा दिवा बसवला, खाली कागदी चिकटपट्टी लावली आणि पेन माझ्याकडे दिले. “मावशी, तुझं अक्षर चांगलं आहे. आजची तारीख तूच लिही.”