अनुमोदना

स्पेनमधील पाम्प्लोना येथे दरवर्षी ६ ते १४ जुलैदरम्यान सान फेर्मिनचा उत्सव भरतो. शुभ्र वस्त्रे, तांबडे रुमाल आणि अरुंद गल्ल्यांतून बैलांपुढे धावणारी माणसे भाड्याच्या सज्जातून पाहण्याचा बेत चार कुटुंबांनी आखला. परंतु सकाळी धावणारे तेच सहा बैल सायंकाळी रिंगणात मारले जातात, हे आजींना कळले. ‘‘आपण मारणार नाही, मारविणार नाही, पण सज्जाचे पैसे भरणे ही अनुमोदना नव्हे काय?’’ एवढेच त्यांनी विचारले. मुले निरुत्तर झाली.

अखेर ३० ऑगस्टला कॅटलोनियातील विलाफ्रांका येथील मानवी मनोरे पाहण्याचे ठरले. २०१० साली युनेस्कोने गौरविलेल्या या परंपरेत शेकडो हात खालून वरच्यांना सावरतात. चातुर्मासामुळे आजी येणार नाहीत. कंदमूळविरहित शिदोरीची यादी मात्र त्यांनीच लिहून दिली.