घोडनदीतला समुद्र

पहाटे दौंड स्टेशनात उतरलो. पोटाशी थर्मोकोलचा डबा, आत मुंबईहून आणलेला तारामासा. "केक का?" हमालानं विचारलं. हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर डबा उघडून दाखवावा लागला असता. पुढं चौफुला, केडगाव, पारगाव. पुलावर भीमा लागली. ही नदी उगम पावते अरबी समुद्राच्या जवळ आणि तोंड फिरवते पूर्वेला. माझ्या डब्यातला समुद्र तिच्यावरून उलट्या पायी शिरूरला चालला होता.

*

तारामासा हा मासा नव्हे. त्याला ना काटा, ना कल्ले, ना रक्त, ना मेंदू. पाठीवर बारीक चाळणीसारखी एक चकती असते. समुद्राचं पाणी तिथून आत जातं, नळ्यांतून फिरतं आणि त्या दाबावर शेकडो इवले पाय चालतात. म्हणजे आत-बाहेर पाणी एकच. शाळेत आपण ज्याला कंटकचर्मी म्हणून पाठ केलं, त्या अख्ख्या संघात गोड्या पाण्यात राहणारा एकही प्राणी नाही. एकही!

*

शेजारचे काका म्हणाले, "आमच्या बोअरचं पाणी खारटच आहे की, त्यातच सोड." बोअरचं पाणी मचूळ असतं, समुद्राचं खारं. मचूळ पाण्यात काय काय उतरलंय ते जमिनीवर ठरतं. उसाच्या पट्ट्यात तर त्यात खतंही आली. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात. स्वयंपाकघरातल्या मिठानं हे साधत नाही. टाकीसाठी वेगळं मीठ मिळतं. माझी टाकी २०० लिटरची, म्हणजे ७ किलो. आईनं पिशवी हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यात दोन वर्षांची लोणची होतील."

*

पाणी उडतं, मीठ उडत नाही. २० लिटर उडालं की ३५ चं जवळपास ३९ होतं. म्हणून भर घालायची ती साध्या, गाळलेल्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. हे मला कळलं तेव्हा पहिला तारा गेला होता.

*

मे महिना. खोलीत ३८, टाकीत ३२. पाहिजे २५-२६. चिलर घरातल्या फ्रिजपेक्षा महाग निघाला. टेबलफॅन पाण्यावर सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण मग पाणी आणखी उडतं. माठाचंच तत्त्व. पावसाळी दमट हवेत हा पंखा नुसता गरगरतो.

गुरुवारी वीज जाते, म्हणून बुधवारी रात्री इन्व्हर्टर तपासायचा. घरातले टीव्हीसाठी तपासतात असं मी समजू देतो.

*

नव्या पाण्यात सोडताना थेंब थेंब पाणी मिसळायचं, सलाइनसारखं, दोन-तीन तास. बाहेरच्या पाण्याचा खारेपणा बदलला की आतलाही बदलतो. मध्ये अडवणारं काही नाही. उचलून हवेत धरायचं नाही. माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध टाकीत पडलं की तारा संपलाच.

*

चॉकलेट चिप म्हणतात तो, पाठीवर तपकिरी गाठींचा. बाजारात बर्फातल्या तिसऱ्या आल्या की त्याला एक देतो. तो वर बसतो, पोट बाहेर काढतो आणि बाहेरच जेवण उरकतो. आई म्हणाली, "पोट हातात घेऊन फिरणारी माणसं पाहिलीत, हा खरंच फिरतो." याला टाकी छोटी चालते असं नाही, पण निदान खातो तरी.

*

निळ्या ताऱ्याबद्दल. दुकानात सगळ्यात देखणा तोच. दगडावरचा पातळ थर चाटून जगतो. घरच्या टाकीत तो थर पुरत नाही. तरी लगेच मरत नाही. महिनोन् महिने काचेवर फिरत राहतो, निळाच्या निळा, आणि आतून उपाशी. मग एके दिवशी एका हाताचं टोक पांढरं पडतं, मऊ होतं. भूक लागली हे सांगायला त्याच्याकडे काही नाही. मी दोनदा आणला. दुसऱ्यांदा आणायला नको होता.

*

टीव्हीच्या शोकेसमध्ये कन्याकुमारीहून आणलेला वाळका तारा आहे. पाहुणे त्याचंच कौतुक करतात. टिकतो म्हणून असेल.

*

लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ते १९५१ सालचं, मरीन ड्राइव्हवर. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे समुद्र. तेव्हा वाटलं, मग आत काचेत कशाला ठेवलाय? आता माझ्याकडे काच आहे आणि पलीकडे घोड नदी. तीही एप्रिलनंतर नावापुरती.

*

भरीच्या पाण्यासाठीचा आरओ एक लिटर चांगलं पाणी देतो आणि दोन-तीन लिटर सोडतो. सोडलेलं बादल्यांत धरून फरशी, संडास, गाडी. तरी केंदूर-पाबळकडे टँकर चालू झाल्याची बातमी आली की टाकीत भर घालताना मी खिडकीचा पडदा ओढतो.

*

टाकीतल्या दगडासोबत न विचारता आलेले पाहुणे: नखाएवढे पांढरट तारे, असमान हातांचे. अंडीबिंडी लागत नाहीत, स्वतःला मधून फाडून एकाचे दोन होतात. काचेवरचं शेवाळ खातात. पैसे मोजून आणलेले बहुतेक गेले, हे गाजरगवतासारखे वाढले. काल रात्री वीज गेल्यावर बॅटरी मारून मोजले. एकेचाळीस. एकाला दोन हात लांब, चार नुकतेच फुटलेले.