डिगबोईची पहिली विहीर

तिनसुकियाहून डिगबोईकडे निघालो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि माझा पुतण्या गाडीच्या ओल्या काचेवर बोटाने तेलविहिरीचा छेद काढत होता. मे महिना. आय.आय.टी.ची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. गुणांच्या अंदाजावरून धनबादला पेट्रोलियम इंजिनिअरिंग मिळेलसे वाटत होते. नाहीतर दुसरीकडे कुठेतरी मेकॅनिकल. दादा नाशिकला कारखान्यात फोरमन. त्यांचे म्हणणे एकच, "मेकॅनिकलला मरण नाही!" शिवाय 1974 साली मुंबईच्याच समुद्रात तेल लागले असताना पोराने धनबादची वाट का धरावी, हेही त्यांना उमजत नव्हते. "तू प्राध्यापक आहेस, तूच समजाव त्याला," म्हणून ते मोकळे झाले. आता मराठीच्या मास्तराला तेलातले काय कळणार? पण माझा एक जुना विद्यार्थी डिगबोईच्या रिफायनरीत होता. सुट्टीत आसाम पाहावा आणि ही जोखीम त्याच्या गळ्यात टाकावी, असा माझा डाव.

तेलाच्या मुलखात आलो असे गाव पाहून मुळीच वाटत नाही. हिरव्यागार टेकड्या, साहेबी अमदानीतले बंगले; आणि मग एकाएकी वाऱ्यावर डांबरासारखा वास. हत्तीच्या पायांना काळे तेल माखलेले दिसले आणि गोरा साहेब मजुराला "डिग, बॉय, डिग!" असे ओरडला, म्हणून गाव डिगबोई, अशी कथा इथे सांगतात. व्युत्पत्ती शिकवून पोट भरणाऱ्याने असल्या कथेवर विश्वास ठेवू नये. पण ऐकायला गोड वाटली, खोटे कशाला बोलू?

पहिली विहीर संग्रहालयाच्या आवारात आहे. 1889 साली खणायला घेतली, 662 फुटांपर्यंत नेली. माझ्या डोळ्यांपुढची विहीर म्हणजे मोट, रहाट, काठावरचा उंबर. ही पाहून माझी थोडी निराशाच झाली. पुतण्या मात्र देवळात उभा राहावा तसा उभा.

"सर, जमिनीखालचे सगळे याच्या शाखेचे," माझा विद्यार्थी सांगू लागला. (हा माझ्या तासाला मागच्या बाकावर झोपत असे!) "भोक पाडायचे, दाब सांभाळायचा, खडकातून किती तेल निघेल त्याचा हिशेब करायचा. तेल वर आले की आम्हा केमिकलवाल्यांचे राज्य. मेकॅनिकलवाला दोन्हीकडे लागतो, आणि तेल नको झाले तर साखर कारखान्यातही लागतो. याला मात्र दार एकच. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला होता. त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना विचारा."

"मग आधी मेकॅनिकल करून पुढे एम.टेक.ला पेट्रोलियम घेतले तर?" मी विचारले.

"चालते की. पुष्कळ जण तसेच येतात."

मी समाधानाने पुतण्याकडे पाहिले. दादांना सांगायला उत्तर मिळाले होते.

तो विहिरीकडेच बघत होता. "इथल्या विहिरींत आता किती राहिलेय?"

"फारसे नाही. 1901 ची रिफायनरी अजून चालते, पण कच्चे तेल आसामातल्या दुसऱ्या क्षेत्रांतून येते."

"म्हणजे विहीर आटते हेही कुणीतरी मोजत असेलच ना? आणि रिकाम्या थरात कर्बवायू कोंडून ठेवायचा म्हणतात, तो तिथे राहील की नाही, हे कोण सांगणार?"

माझा विद्यार्थी हसला. "तेही यांचेच काम, सर."

संध्याकाळी विश्रामगृहाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. पुतण्याने माझ्या डायरीचे पान मागून घेतले, पसंतीक्रम लिहिला. पहिल्या ओळीवर धनबाद, पेट्रोलियम. मेकॅनिकल दुसऱ्या ओळीवर, तेही कदाचित माझ्या भिडेखातर.

"काका, बाबांना तुम्हीच सांगा."

मला काही सुचेना. साखर कारखान्याचे उदाहरण पुन्हा द्यावे म्हणून तोंड उघडले आणि मिटले. वयाच्या विसाव्या वर्षी मी मराठी घेऊन एम.ए.ला बसलो तेव्हा, "खाणार काय?" असे आमचे वडील ओरडले होते. त्या वेळी त्यांच्यापुढे माझी बाजू दादांनीच मांडली होती.

मी नाशिकचा नंबर लावला.