दोष मुलाचा नव्हता, धुळीचा होता!



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा, तरी दहा वाजताच आमची संगणक खोली तापलेली. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्यात वर पत्रे! खिडकीजवळचा संगणक मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. त्या दिवशी आठवीतल्या एका मुलाचा प्रकल्प टाइप करता करता गेला. मी वर्गासमोरच त्याला म्हणालो, "काय रे, गेम टाकलीस ना?" तो एवढंच म्हणाला, "सर, मी नुसतं टायपिंग करत होतो." मी काही त्याचं ऐकलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्वतः त्या संगणकावर बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर १०० टक्के! गेम कुठेच नव्हती. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारं अँटिव्हायरसचं स्कॅन चालू होतं. थोड्या वेळाने संगणक माझ्याही हातून बंद पडला.

वाटलं, सापडलं कारण. पण तेच स्कॅन बाकीच्या संगणकांवरही चालत होतं, ते का बंद पडत नव्हते? इथेच आपण चुकतो बघा. वापर १०० टक्के झाला म्हणून चांगला संगणक बंद पडत नाही, फक्त हळू चालतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली. पण तिचा अर्थ एवढाच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही. वीज म्हणावी, तर त्याच यूपीएसवरचे शेजारचे संगणक व्यवस्थित चालू होते.

मग लगेच बायोसमध्ये जाऊन तापमान पाहिलं. नव्वद अंशांच्या पुढे! प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही, तर जळू नये म्हणून संगणक बंद पडतो.

आपल्या पाणचक्कीचा मोठा हौद आठवा. त्याच्या खालचं दालन भर उन्हाळ्यातही गार असतं, कारण वरचं पाणी उष्णता शोषून घेतं. संगणकात प्रोसेसरची उष्णता हीटसिंक घेतो आणि पंखा ती बाहेर ढकलतो. प्लग काढून कॅबिनेट उघडलं, तर हीटसिंकवर मैदानातल्या धुळीचा जाड थर! वारा जाणार कुठून? पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली.

आता खरी परीक्षा. मुद्दाम तेच स्कॅन पुन्हा लावलं. वापर तसाच १०० टक्के, पण संगणक तासभर चालला, एकदाही बंद पडला नाही. स्कॅनची वेळही मग शाळा सुटल्यानंतरची ठेवली.

तुमच्याकडे असं झालं तर लगेच फॉरमॅट मारू नका. आधी वापर पाहा, मग तापमान, मग धूळ. साफ करूनही फक्त जास्त कामाच्या वेळीच संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएस तपासून घ्या. प्रोसेसर जास्त वीज मागतो तेव्हा कमजोर एसएमपीएस ती पुरवू शकत नाही. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका, तो जाणकाराकडेच द्या.

सोमवारी वर्गात मी ती धूळ कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवली आणि सगळ्यांसमोरच त्या मुलाला म्हणालो, "चूक माझी होती." तो हसला. प्रकल्प त्याने पुन्हा टाइप केला, त्याच संगणकावर.

संगणक बिघडला की आपण तापमान मोजायच्या आधी मुलावर तापतो. पालकहो, घरीही हे लक्षात असू द्या.