थेंबांचा हिशेब

"जन्मभर गोड पाण्यासाठी वणवण केली, आणि आता घरात आलेल्या गोड पाण्यात हे गृहस्थ मीठ कालवताहेत!"

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सौभाग्यवती हे वाक्य चहाबरोबर देते. पाहुणा बैठकीच्या खोलीतल्या दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीकडे पाहतो, आणि माझ्याविषयी त्याचे जे मत व्हायचे ते होऊन जाते. मी प्रतिवाद करीत नाही. लिटराला ३५ ग्रॅम या हिशेबाने त्या टाकीत सात किलो समुद्री मीठ खरोखरच गेले आहे. आणि आमच्या जळगाव जामोदपासून समुद्र पाखराच्या वाटेने गेले तरी चारशे किलोमीटर दूर आहे.

बरे, खाऱ्या पाण्याचे मला अप्रूप असावे असेही नाही. आमचे मूळ खेडे तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या अंगाला. तो सारा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरे कवच धरे. आई ते उलथन्याने खरवडी. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

समुद्राचे वेड मात्र मुंबईतले. शाळेची सहल घेऊन एकदा तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय पाहून पोरे बाहेर आली तरी सर आतच! निवृत्तीनंतर नातवाने ते वेड पुन्हा पेटवले.

"आबा, आपण प्रवाळाची बाग करू," तो म्हणाला. कायदा आडवा आला. २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला बसलेला हा इवलासा जीव घरी आणता येत नाही. विजयदुर्गापलीकडे भर समुद्रात आंग्रिया बँकेवर तो सुखाने नांदतो आहे, तिथेच नांदो. आम्ही सिमेंट-वाळूचे खडक घरी ओतले, सहा आठवडे पाण्यात मुरवले, टाकीतच जन्मलेले दोन विदूषक मासे आणले, आणि एका हौशी मित्राकडून गुलाबी चुनशेवाळाची चिमूटभर खरवड. हे शेवाळही प्रवाळासारखेच पाण्यातला चुना घेऊन अंगाभोवती दगड बांधते. म्हणजे त्याला चुना पुरवणे आले.

तसे पाहता एवढ्या टाकीला चुन्याची निवळी चमच्याचमच्याने घातली असती तरी भागले असते. पण नातवाला यंत्र हवे होते. 'कॅल्शियम रिॲक्टर' हे नाव ऐकून मी दचकलो. आतली गोष्ट ऐकल्यावर मात्र हसू आले. हा प्रयोग मी तीस वर्षे वर्गात करीत होतो! निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे शाळेतले पोर सांगेल. घंटा झाली की आम्ही तिथेच थांबतो. फुंकत राहिलो तर दुधाळ पाणी पुन्हा नितळ होते. आधी न विरघळणारा चुना जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळतो. आणि तेच पाणी तापवले, की वायू उडून जातो आणि चुना भांड्याला चिकटतो. आईच्या पातेल्यातले कवच ते हेच!

शेतीच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपाचा दीड हात तुकडा आणला. खाली चिकटवलेले बूड, वर आट्यांचे झाकण. आत कोकणातून मागवलेल्या, तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या धुऊन, कुटून भरल्या. एक लहान पंप आतले पाणी आतच फिरवीत ठेवतो. एका नळीने टाकीतले पाणी आत येते, दुसरीने वायूचे बुडबुडे, तिसरीने चुना प्यालेले पाणी बाहेर.

वायूसाठी आधी बाटलीत गूळ आणि यीस्ट घातले. तिसऱ्या रात्री बूच उडाले. घरभर असा वास सुटला, की शेजारचे गृहस्थ दारात येऊन, "गुरुजी, सगळं ठीक आहे ना?" असे फार हळू आवाजात विचारून गेले. मग सोडावाल्याच्या ओळखीने लहान सिलिंडर मिळवला.

राहिली थेंब मोजण्याची सोय. नातवाने औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणला. तीच पारदर्शक कुपी, तेच बोटाने फिरवायचे पांढरे चाक. मी तो हातात घेतला आणि उगाच चष्मा पुसत बसलो.

यंत्र चालू झाले. चार दिवसांनी मोजले तर लिटरामागे कॅल्शियम ३५० मिलिग्रॅम. हवे होते चारशेच्या वर. मला कुठला धीर! रात्री वायू वाढवला, चाक सैल केले, थेंबांची धार झाली. पहाटे पाहतो तो दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंडे काढून धापा टाकताहेत. शिंपल्या विरघळवणारे ते आंबट पाणी, सामू साडेसहाच्या आसपास. टाकीला हवा आठच्या थोडा वर. मी धार बंद केली, खिडक्या उघडल्या, हवेचा पंप लावला आणि दुपारपर्यंत टाकीपुढून हललो नाही. मासे वाचले.

त्या दुपारी मला अकोल्याचे रुग्णालय आठवले. माझा धाकटा भाऊ गावीच राहिला, तेच पाणी पीत राहिला. मूत्रपिंडे निकामी झाली. पाण्यानेच असे मी म्हणणार नाही. कोणा डॉक्टरने तसे लिहून दिले नाही. गावात मात्र सगळे तसेच म्हणतात. त्याला पाणी मोजून मिळे. "दादा, तोंडाला पाणी लागू दे रे," तो म्हणायचा. एका संध्याकाळी, त्याला थोडे तरी पाणी लवकर पोचेल म्हणून, मी सलाईनचे चाक गुपचूप सैल केले. परिचारिकेने धावत येऊन ते आवळले. ती रागावली नाही. "काका, जास्त झालं तर ह्यांच्या छातीत साठतं. थेंब मोजूनच सोडायचे," एवढेच म्हणाली. महिन्याभराने तो गेला. माझ्या त्या चाकामुळे नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी बोटाला ते चाक आठवते.

घरात हे मी कोणालाच सांगितले नव्हते. त्या दुपारी सौभाग्यवतीला सांगितले. ती काहीच बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून मिनिटाला तीस थेंब, अधिक नाही. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो, तर बैठकीत दिवा. वाटले, टाकीचे काही बिघडले. पाहतो तो सौभाग्यवती माझे घड्याळ हातात घेऊन सलाईनच्या कुपीसमोर बसली होती.

"अठ्ठावीसच पडतायत," मान न वळवता ती म्हणाली. "आणि तो मधला दगड पाहा. गुलाबी झालाय."