नळाच्या दिवशीची हजेरी

धुळ्याच्या एका उर्दू माध्यमाच्या कन्याशाळेचं नाव शिक्षणातल्या शाश्वततेसाठी दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराच्या अंतिम यादीत आलं, आणि त्यांना इंग्रजीत नीट लिहिणारा कुणीतरी हवा होता. माझं नाव कुणीतरी सुचवलं. मी जळगावला राहतो. त्यामुळे जवळजवळ दोन महिने दर शनिवारी सकाळची एसटी, पाळधी, एरंडोल, पारोळा आणि मग धुळं, असा प्रवास झाला. शाळेचं आणि पुरस्काराचं नाव इथे लिहीत नाही. पुढे जे येतं त्यात मुलींच्या घरातल्या गोष्टी आहेत, आणि धुळं काही एवढं मोठं नाही की नाव कळल्यावर घर कळणार नाही.

पहिल्या यादीसाठी दोन पानं पुरली होती. अंतिम फेरीला मात्र बारा पानांचा फॉर्म, तीन मिनिटांचा व्हिडिओ, पुराव्याची कागदपत्रं आणि शेवटी परीक्षकांशी ऑनलाइन बोलणं. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न होता: तुमच्या शाळेची शाश्वततेची व्याख्या काय? सदर मुअल्लिमा, ज्यांना शाळेत सगळे मोठ्या आपा म्हणतात, त्यांनी चष्मा वर करून मला विचारलं, "भाई, ये शाश्वत को उर्दू में क्या बोलते?" मी म्हटलं, पायदार. त्या हसल्या. "पायदार तो हमारे मोहल्ले में एक ही चीज है. पानी का टोटा."

आपल्याकडे पुरस्कार म्हटला की डोळ्यांसमोर रणजितसिंह डिसले गुरुजी येतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचा जिल्हा परिषदेचा शिक्षक 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ जिंकतो, 140 देशांतल्या 12 हजारांहून जास्त नावांतून, आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांत वाटून टाकतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये पोचली आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिचा एक परिणाम असाही झाला की प्रत्येक संस्थाचालकाला आपल्या शाळेत एक डिसले गुरुजी आणि एक क्यूआर कोड हवा असतो. या शाळेचे विश्वस्त हाजीसाहेब त्याला अपवाद नव्हते. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की फॉर्ममध्ये सोलर पॅनल, स्मार्ट क्लास आणि एक हजार झाडं आली पाहिजेत. सोलर पॅनल नव्हतं. स्मार्ट क्लासचा प्रोजेक्टर एक दिवस चालायचा आणि दोन दिवस बंद. झाडं मी मोजली. सात कडुनिंब, दोन सीताफळं, एक शेवगा.

पण त्या दहा झाडांची गोष्ट मला आवडली. शाळेला नमाजची छोटी खोली आहे, तिच्या बाहेर वुजूसाठी आठ नळांची ओळ. ते पाणी आधी गटारीत जायचं. शाळेच्या शिपायानं, स्वतःच्या डोक्यानं, तिथे विटांचा एक हौद बांधला; त्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि तिथून पाणी पाटानं झाडांना. साबणाचं पाणी वेगळं काढलं, कारण साबणानं शेवग्याची पानं पिवळी पडायला लागली होती. हे सगळं बऱ्याच वर्षांपूर्वीचं. कुणी त्याला प्रकल्प म्हटलं नव्हतं. फॉर्ममध्ये याच्यासाठी 'ग्रे-वॉटर रीसायकलिंग' असा रकाना सापडला, तेव्हा शिपायानं तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

विज्ञानाच्या बाईंनी त्यावर एक प्रयोग लावला. पैगंबरसाहेब एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर, हे मुलींना दीनियातच्या तासाला माहीत झालेलं असतं. बाईंनी नळाखाली बालदी ठेवून मोजायला लावलं. नळ सोडून केलेल्या एका वुजूला अर्धी बालदी भरली. मग त्याच मुलींनी लोट्यानं करून पाहिली. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा विषय आहे, त्याच्या प्रकल्पवहीत हे सगळं नीट लिहिलेलं होतं, आकृतीसह. पुराव्याचं पहिलं कागद मला तिथे मिळालं.

दुसरं अनपेक्षित ठिकाणी मिळालं. फॉर्ममध्ये 'सर्क्युलर इकॉनॉमी'वर एक प्रश्न होता. मी वर्गात सोपं करून सांगत होतो की वस्तू फेकायची नाही, तिचं काहीतरी पुन्हा करायचं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो मेरे अब्बू का धंदा है." वडील भंगारवाले. दुसरीचे वडील रद्दी घेतात, तिसरीचे आजोबा पिंजारी, जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून नवी गादी भरून देणारे. खानदेशात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोण करतं, ते आपल्याला माहीत आहे. गल्लीत हाक मारताना त्याला भंगार म्हणतात, परिषदेत सर्क्युलर इकॉनॉमी. त्या दिवशी मी तो प्रश्न मुलींनाच लिहायला दिला. आठवीच्या एकीनं लिहिलं की तिच्या वडिलांच्या हातगाडीवर आलेल्या सायकलींच्या सुट्या भागांतून तिच्या भावाची सायकल झाली. मी ते इंग्रजीत आणलं, एक शब्दही न वाढवता.

स्थानिक ज्ञान या रकान्यासाठी मी थोडा हट्ट धरला. आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हटलं की लोक लगेच परदेशात जातात, आणि धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धती शेकडो वर्षं चालत आली आहे, हे धुळ्याच्याच मुलींना ठाऊक नव्हतं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणाला किती हे पाटकऱ्यानं ठरवायचं. पाणी कमी झालं तर तोटा सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा मुलींनी ऐकलं होतं, कारण चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शाळेत बातमी वाचली गेली होती. उजाड डोंगरावर गावानं कुऱ्हाडबंदी करून जंगल परत आणलं, आणि तिथल्या बायका आता रानभाज्यांची स्पर्धा भरवतात, हे ऐकून मुलींना जंगलापेक्षा स्पर्धेचं जास्त अप्रूप वाटलं. आणि तिसरं, बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या काळात खानदेशची राजधानी तेच होतं. मुघल काळात, 1615 च्या सुमारास, एका इराणी जाणकारानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरात आणलं; वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या. चारशे वर्षांनीही त्यात पाणी वाहतं. इराणात याला कनात म्हणतात. मुलींनी ते चित्र काढलं आणि खाली उर्दूत लिहिलं: बिजलीशिवाय.

इथवर सगळे खूश होते. अडचण आली ती हजेरीपत्रकाची.

धुळ्याला नकाणे तलावाचं, तापीचं, आता अक्कलपाड्याचं पाणी येतं, पण घरातल्या नळाला ते रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते बऱ्याचदा नळच सांगतो. आमच्या जळगावकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी नववीतल्या एका मुलीनं तीन महिन्यांचं हजेरीपत्रक आणि मोहल्ल्यात नळ आल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिची स्वतःची गैरहजेरी लागली होती आणि तिला राग आला होता, एवढंच. तारखा जुळत गेल्या. ज्या मोहल्ल्यात नळ, त्या मोहल्ल्यातल्या मुली त्या दिवशी घरी. अम्मी कामावर, मोठा भाऊ झोपलेला किंवा लूमवर, मग हंडे, पिंप, टाकी कोण भरणार? मुलगी.

मी म्हटलं, हा या अर्जाचा गाभा आहे. हाजीसाहेब म्हणाले, ही बदनामी आहे. त्यांचं म्हणणं मला अगदीच परकं वाटलं नाही. आधीच मुसलमान मुलींना शिकू देत नाहीत, असं बोलणारे थोडे आहेत का? आपणच त्यांच्या हातात कागद द्यायचा? आणि हा काही फक्त आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न नाही. पलीकडच्या वस्तीतल्या मराठी शाळेतही नळाच्या दिवशी मुली कमीच असणार, पण तिथे कुणी मोजत नाही. हे सगळं खरं होतं. तरीही मी म्हटलं, कागद लपवल्यानं मुलगी शाळेत येणार नाही.

वाद दोन शनिवार चालला. चहा बराच झाला. शेवटी मोठ्या आपांनी हजेरीपत्रक पुढे ओढलं आणि हाजीसाहेबांना विचारलं, "हाजीसाब, लडकों की हाजिरी देखें? आपकी दूसरी स्कूल की?" त्याच संस्थेची मुलांची शाळा शेजारी आहे. मागवली. नळाच्या दिवशी मुलांच्या हजेरीत काही फरक नव्हता. हाजीसाहेब बराच वेळ दोन्ही पत्रकं पाहत बसले. मग म्हणाले, "लिखो. नाम किसीका नको."

त्यानंतर शाळेत जे झालं ते फॉर्ममध्ये मावलं नाही, कारण फॉर्म भरायची तारीख आधीच जवळ आली होती. मोठ्या आपांनी ठरवलं की नळाच्या दिवशी उशिरा आलेल्या मुलीला गैरहजर लावायचं नाही आणि त्या दिवशी पहिल्या दोन तासांना नवीन धडा घ्यायचा नाही. शिक्षकांपैकी दोघांनी कुरकुर केली, शिस्तीचं काय म्हणून. मातांच्या बैठकीत आपांनी विषय काढला की हंडा मुलग्यालाही उचलता येतो. बायका हसल्या. एक म्हणाली, माझा उचलतो, पण खिडकी बंद करून, दोस्तांनी बघू नये म्हणून. हाजीसाहेबांनी पुढच्या जुम्याला मशिदीत हा विषय घ्यायला इमामसाहेबांना सांगितलं. त्यांनी घेतला का, मला माहीत नाही. मी जळगावला होतो.

व्हिडिओ मोबाईलवर काढला. वाऱ्याचा आवाज फार आला म्हणून कडुनिंबाखालचं चित्रण टाकून द्यावं लागलं आणि ग्रंथालयात पुन्हा बसावं लागलं. परीक्षकांशी बोलणं मगरिबनंतर होतं. पडद्यावर तिघे, इकडे आपा, विज्ञानाच्या बाई, ती नववीची मुलगी आणि दुभाषा म्हणून मी. ठरावीक प्रश्न झाले. शेवटी एका बाईंनी मुलीला विचारलं, पुरस्काराची रक्कम मिळाली तर तू तिचं काय करशील? हाजीसाहेबांनी उत्तर पाठ करून घेतलं होतं: सोलर पॅनल. मुलगी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "नल कब आयेंगा ये पहले मालूम पड गया, तो पैसा काय को लगेंगा?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिकडे कुणी लगेच काही बोललं नाही. मग त्या बाईंनी विचारलं की हे कळवायचं कुणी, आणि मुलीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली: वॉलमन, नगरसेवक, महापालिकेचं कार्यालय, मशिदीचा भोंगा. चौथ्या बोटाला इंटरनेट गेलं.